दुरून दिसणारी माणसं

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी इथे नारायण नावाचा मुलगा जन्मला. तो पुढे समर्थ रामदास झाला आणि गावाला 'जांब समर्थ' हे नाव कायमचं चिकटलं. बोहल्यावर 'सावधान' ऐकून पळालेल्या मुलाची गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. मला मात्र जांबचं नाव निघालं की दासबोधातला एक साधा, कुणाच्या फारसा डोळ्यांत न भरणारा शब्द आठवतो.

चौदाव्या दशकात युगधर्माचं निरूपण करताना समर्थ आपल्या काळातल्या लोकांची तक्रार सांगतात. कुणी दावलमलिकाला जातात, कुणी पीर भजतात आणि कुणी तर आपखुशीने 'तुरुक' होतात. शब्दश: घेतलं तर हे विचित्र आहे. तुर्क ही मध्य आशियातल्या माणसांची एक जमात, एक भाषा बोलणारे लोक. गोदाकाठचा एखादा शेतकरी मनात आलं म्हणून तुर्क कसा होणार? मनात आलं म्हणून तो चिनी तरी होऊ शकतो का? अर्थ उघड आहे. समर्थांच्या मराठीत 'तुरुक होणं' म्हणजे मुसलमान होणं. त्यात वंशाचा काही संबंध उरलेला नाही.

गंमत अशी की याच सुमाराला लंडनमध्ये हाच वाक्प्रचार तसाच्या तसा चालू होता. समर्थ चार वर्षांचे होते तेव्हा, १६१२ साली, तिथे एक नाटक छापून निघालं. ते ट्युनिसला जाऊन मुसलमान झालेल्या जॉन वॉर्ड नावाच्या इंग्रज चाच्यावर होतं. नाटकाच्या नावाचा अर्थ 'तुर्क झालेला ख्रिस्ती'. वॉर्ड राहिला अरबी बोलणाऱ्या उत्तर आफ्रिकेत. इंग्रजांच्या दृष्टीने तो झाला तुर्क. जांबला लंडन माहीत नव्हतं, लंडनला जांब माहीत नव्हतं, आणि शब्दाने दोन्हीकडे एकाच वळणाने एकच प्रवास केला होता.

आता जांबच्या आसपास १६०८ साली खरोखर कोण कोण होतं ते पाहू. हा मुलूख मोगल आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या ओढाताणीत सापडलेला होता. निजामशाहीचं मूळ कुठलं? फरिश्ता नावाच्या फारसी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुळकर्णी. पाथरी म्हणजे शेजारच्या परभणी जिल्ह्यातलं गाव. वडिलोपार्जित म्हणून ते आपल्याला हवं, यासाठी निजामशहा वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाया करत राहिला. या काळात निजामशाही ज्याच्या खांद्यावर उभी होती तो मलिक अंबर आफ्रिकेतला, हबसाणातला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कर्ता पुरुष झाला आणि १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आपलं नंतरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. लोकांच्या बोलण्यात पाथरीच्या कुळकर्ण्यांचे वंशज 'तुरुक', आणि हबशीही 'तुरुक'.

मग खऱ्याखुऱ्या तुर्काला काय म्हणायचं? उस्मानी तुर्कस्तानातून तोफा ओतणारे कारागीर दख्खनमध्ये येत. विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मलिक-ए-मैदान' ही अजस्र तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि ती ओतणाऱ्याचं नाव होतं मुहंमद रूमी. 'रूमी' म्हणजे रोमचा. उस्मानी तुर्कांनी पूर्वेच्या रोमन साम्राज्याची भूमी जिंकली होती, म्हणून सगळं मुसलमान जग त्यांच्या मुलखाला 'रूम' म्हणे. आपल्या जुन्या मराठीतला 'रूमशाम' हा जोडशब्द तिथलाच, रूम आणि सीरिया. म्हणजे अहमदनगरात जो एक माणूस जन्माने तुर्क होता त्याला लोक रोमन म्हणत होते, आणि ज्यांचा तुर्कस्तानाशी काडीचा संबंध नव्हता ते तुर्क ठरले होते.

अशा घोटाळ्यांची युरोपातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लांबलेली गोष्ट 'सारासेन' या शब्दाची आहे.

दुसऱ्या शतकात टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला. त्यात अरबस्तानच्या वायव्य कोपऱ्यात, सिनाईच्या वाळवंटाजवळ, 'साराकेने' नावाचा एक प्रदेश आणि 'साराकेनॉय' नावाचे लोक येतात. एक छोटी टोळी, तंबूत राहणारी, उंट राखणारी. इस्लामचा जन्म व्हायला अजून साडेचारशे वर्षं होती. चौथ्या शतकापर्यंत रोमन लेखकांच्या हातात या शब्दाची व्याप्ती वाढली. अम्मियानुस मार्केलिनुस हा इतिहासकार सांगतो की ज्यांना पूर्वी तंबूवाले अरब म्हणत, त्यांनाच आता सारासेन म्हणतात. टोळीचं नाव वाळवंटातल्या सगळ्या भटक्या अरबांना लागलं.

नावाचा मूळ अर्थ काय, यावर आजही एकमत नाही. पूर्वेला अरबीत 'शर्क' म्हणतात, त्यावरून 'पूर्वेकडचे' असं काही जण म्हणतात. कुणी चोर या अर्थाच्या अरबी शब्दाकडे बोट दाखवतात. पण मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांना या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच सापडलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. बायबलात अब्राहामची पत्नी सारा आणि दासी हागार. अरब हे हागारच्या मुलाचे, इश्माएलचे वंशज. संत जेरोमसारख्यांचं म्हणणं असं की हे दासीपुत्र आपलं कुळ उजळावं म्हणून साराचं नाव लावतात. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने त्याच्यावरही कडी केली: साराने हागारला रिकाम्या हाती हाकलली, आणि ग्रीकमध्ये 'केनॉस' म्हणजे रिकामा, म्हणून 'सारा-केनॉय'. हा योहान दमास्कसमध्ये उमय्या खलिफांच्या राज्यात वाढलेला, त्याच्या घराण्याने खलिफांची चाकरी केलेली. शेजारी कोण आहेत ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी ग्रंथ लिहायला बसला की हा शब्दच्छल.

या सगळ्यात एक साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ज्यांच्यावर कुळाचं नाव चोरल्याचा आरोप होता, ते स्वत:ला सारासेन म्हणतच नव्हते. नाव दुसऱ्यांनी ठेवलं, आणि ते लावल्याबद्दल दोष मात्र त्यांना दिला.

सातव्या शतकात इस्लाम आला, अरब फौजा सीरिया, इजिप्त, स्पेनपर्यंत पोहोचल्या, आणि 'सारासेन' म्हणजे मुसलमान हे समीकरण युरोपात पक्कं झालं. मग तो अरब असो, बर्बर असो की इराणी. पण शब्द तिथेही थांबला नाही. ७७८ साली पिरेनीज पर्वतात, रोन्सेव्होच्या खिंडीत, शार्लमेन राजाच्या फौजेच्या पिछाडीवर हल्ला झाला. हल्ला करणारे बास्क होते, त्याच डोंगरातले, ख्रिस्ती. सुमारे तीनशे वर्षांनी, धर्मयुद्धांच्या काळात, या प्रसंगावर रोलांचं काव्य रचलं गेलं तेव्हा बास्क गायब झाले आणि त्यांच्या जागी लाखो सारासेन उभे राहिले. शिवाय काव्यातले हे सारासेन मूर्ती पूजतात! मुहंमद, अपोलो आणि तेर्वागान अशा तीन देवतांच्या मूर्ती. ज्यांनी काबामधल्या मूर्ती फोडल्या त्यांना कवीने मूर्तिपूजक करून टाकलं. कारण एव्हाना 'सारासेन'चा अर्थ 'आपल्या धर्माचा नसलेला' इतका पसरट झाला होता. इंग्लंडात तर ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या रोमन लोकांना आणि सॅक्सनांनाही कथांमधून सारासेन म्हटलं गेलं. स्टोनहेंजच्या महाकाय दगडांना तिथे 'सार्सन' म्हणतात. तेही बहुधा याच शब्दाचं रूप, पाखंड्यांचे दगड.

मग तलवार म्यान झाली आणि शब्द स्वयंपाकघरात शिरला. उत्तर भारतात उपवासाला खातात त्या कुट्टूला फ्रेंच लोक 'सारासँ' म्हणतात आणि इटालियन 'सारासेनांचं धान्य'. कोंडा काळपट, आलं पूर्वेकडून, तेवढं कारण पुरलं. आपणही काही वेगळे नाही. मेक्सिकोतून आलेल्या झाडाला आपण 'विलायती चिंच' म्हणतो.

आता हीच गोष्ट मराठी मातीत.

युरोपात 'सारासेन' या शब्दाने जे केलं ते आपल्याकडे 'यवन' या शब्दाने केलं, फक्त जास्त सावकाश आणि जास्त गुंतागुंतीने. आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक लोकांचा चिंचोळा पट्टा होता. इराणी सम्राटांचा ग्रीकांशी पहिला संबंध तिथे आला, म्हणून सगळेच ग्रीक त्यांच्या लेखी 'यौन' झाले. तोच शब्द प्राकृतात 'योन', संस्कृतात 'यवन'. अशोक आपल्या तेराव्या शिलालेखात अँटिओकस राजाला योनराजा म्हणतो.

आणि हे यवन महाराष्ट्रात आले, राहिले, इथले झाले. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाल तेव्हा खांबांवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे जरा निरखून पाहा. त्यातले बरेच खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिलेले आहेत. नावं? सिहधय, यसवधन. ऐकून कुणाला ग्रीस आठवेल? नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं कोरवून घेणाऱ्याने आपली ओळख दिली आहे: उत्तरेकडचा योनक, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. याच नाशकात, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन शक, यवन आणि पहलव यांचा नाश करणारा असं कोरवलं आहे. एकाच डोंगरात यवन दानशूरही आहे आणि नाश करण्याजोगा शत्रूही. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. जांबप्रमाणेच गोदावरीच्या खोऱ्यातलं.

शब्द सैल होऊ लागला होता त्याच सुमाराला. रुद्रदामनाच्या जुनागढच्या शिलालेखात, सन १५० च्या आसपास, अशोकाच्या तुषास्फ नावाच्या अधिकाऱ्याला 'यवनराज' म्हटलं आहे. तुषास्फ हे नाव इराणी आहे. पश्चिमेकडून जो येईल तो यवन, अशी वाट पडू लागली होती. पण शब्दात अजून तिरस्कार नव्हता. सहाव्या शतकातला वराहमिहीर म्हणतो की यवन म्लेंच्छ खरे, पण ज्योतिष त्यांच्यात उत्तम असल्यामुळे त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. मिऱ्यांना संस्कृतात 'यवनप्रिय' असं एक गोड नाव आहे. रोमन जहाजं ज्या मालासाठी समुद्र ओलांडून येत, त्यात मिरी पहिली.

मग ग्रीक येईनासे झाले. नाव रिकामं राहिलं. भाषेत रिकामं नाव फार दिवस पडून राहत नाही. वायव्येकडून नवे लोक आले तेव्हा पंडितांनी पेटीतून जुनाच शब्द काढला आणि त्यांना लावला. चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत दख्खनच्या संस्कृत लेखनात यवन म्हणजे मुसलमान सुलतान हे ठरून गेलेलं दिसतं. त्यातही नेहमी शिवीच असे असं समजू नका. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने बहमनी गादीवर आपल्या पसंतीचा माणूस बसवला आणि अभिमानाने बिरुद घेतलं 'यवनराज्यस्थापनाचार्य'. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा हा कोश त्या परकी शब्दांना यवनांचे शब्द म्हणतो. आयोनियाच्या ग्रीकांचं नाव आता फारसी भाषेला लागलं होतं. ज्या इराण्यांनी ते नाव ग्रीकांना दिलं, तेच फिरून त्यांच्या भाषेवर येऊन बसलं.

यातली खरी मौज मला सापडली ती 'युनानी दवाखाना' अशी पाटी पाहून. अरबांनी आयोनियाचं 'युनान' केलं. ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ त्यांनी अरबीत आणले, वाढवले आणि त्याला प्रामाणिकपणे 'युनानी' म्हटलं. म्हणजे 'यवनी' आणि 'युनानी' हा एकच शब्द मराठीत दोन दारांनी आला: एक संस्कृतातून, एक अरबीतून. आपण दोन्हींचा अर्थ मुसलमानांशी जोडतो, आणि दोन्ही ठिकाणी मूळ माणूस ग्रीकच.

'ताजिक' हा शब्द याहून चपळ निघाला. अरबांच्या 'तय्य' नावाच्या टोळीवरून इराणी लोक सगळ्या अरबांना ताजिक म्हणू लागले, आणि तोच शब्द भारतात आला. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यातला एक ९२६ सालचा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्यात संजाणच्या परिसराचा कारभार पाहणारा अधिकारी येतो मधुमती नावाचा. हा मधुमती म्हणजे मुहंमद, आणि तो ताजिक आहे असं ताम्रपट स्वच्छ सांगतो. त्याने नदीवर फुकट तर चालू केली, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं. भात, कालवण, तूप. आणि राजाच्या संमतीने एका मठाला जमीनही दिली. दोनशे वर्षांपूर्वी नवसारीच्या ताम्रपटात हेच ताजिक चढाई करून आलेले शत्रू होते.

पुढे मध्य आशियात ताजिक शब्दाचा अर्थ अरबांकडून सरकून फारसी बोलणाऱ्यांवर गेला आणि आज त्या नावाचा एक देश आहे, ताजिकिस्तान, जिथे अरबी कुणी बोलत नाही. मराठी माणसाला ताजिक भेटतो तो पत्रिकेत. ज्योतिषी वर्षफल काढतात ते ताजिक पद्धतीने, तिच्यावरचा 'ताजिकनीलकंठी' हा ग्रंथ काशीत १५८७ साली झाला. त्यातले इत्थशाल, इशराफ हे योग म्हणजे मुळात अरबी शब्द. तक्रार कुणीच करत नाही. पाहुणा फारच जुना झाला की त्याचं आडनाव कुणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून आहे ती मांडतो. यवन, म्लेंच्छ, ताम्र, अविंध हे शब्द आपल्याला कुठे भेटतात? काव्यात, बखरीत, स्तुतीत, शापात. मोडी कागदांत, म्हणजे हिशेब, पत्रं, करार, चाकरीच्या याद्या यांत, ते क्वचितच दिसतात. तिथे असतात हबशी, पठाण, अरब, मोगल, रोहिले, दखनी. पेशव्यांच्या आणि सरदारांच्या फौजेत अरब शिपाई होते. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यात त्यांनी इंग्रजांना कडवी झुंज दिली. त्या अरबांना कागदोपत्री कुणी यवन म्हणत नाही. त्यांचा पगार वेगळा, त्यांची शर्त वेगळी, त्यांचा जमादार वेगळा. पठाणाचा पगार अरबाला देऊन चालणार नव्हतं. दानपत्रांच्या शेवटी शापवचन असे: हिंदू हे दान मोडील तर त्याला गाईची शपथ, मुसलमान मोडील तर त्याला डुकराची. तिथेही शब्द 'मुसलमान' हाच. शपथ लागू पडायची तर ज्याला घालायची त्याला त्याच्याच नावाने हाक मारावी लागते.

समर्थांच्याच लेखनात हा भेद दिसतो. राज्य बुडवणाऱ्या शत्रूविषयी आवेशाने लिहिताना लेखणीतून 'म्लेंच्छ' उतरतो. गावातली माणसं कुठल्या पीराला जातात, काय करतात ते सांगताना बाजारातला 'तुरुक' येतो. ज्याच्याशी रोजची देवघेव आहे त्याला आपण नीट नाव देतो. जो क्षितिजावरच्या धुळीतून दिसतो त्याला एक मोठं, ढगळ नाव पुरतं. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात कोण अरब, कोण मामलुक, कोण ज्यू हे चोख ओळखत. सारासेन गात होते ते फ्रान्सच्या गढ्यांमधले भाट.

जरा उलट बाजूने पाहू. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्रात परदेशी व्यापाऱ्यांवर एक प्रकरण लिहिलं. त्यात पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन हे सगळे वेगवेगळे मोजले आहेत. डच म्हणजे वलंदेज, डेन म्हणजे डिंगमार. एवढ्या बारकाव्याने समकालीन युरोपातला एखादा मंत्री हिंदुस्थानातल्या जाती सांगू शकला असता का, मला शंका आहे. या सर्वांना मिळून अमात्य म्हणतात 'टोपीकर'. दिसलं तेच नाव: डोक्यावर टोपी म्हणून टोपीकर, कान टोचलेले नाहीत म्हणून अविंध, वर्ण तांबूस म्हणून ताम्र.

आणि 'फिरंगी'? तो तर सारासेनांनी घेतलेला सूड म्हणायला हवा. धर्मयुद्धांत युरोपातून आलेल्या सगळ्यांना, मग ते जर्मन असोत, इंग्रज असोत की सिसिलीचे, अरबांनी एकच नाव दिलं: इफ्रंज, म्हणजे फ्रँक. हे फ्रँक त्यांना सारासेन म्हणत, ते यांना फ्रँक, दोन्हीकडे अज्ञान सारखंच. फारसीतून तो शब्द 'फिरंगी' होऊन आपल्याकडे आला आणि इथे अगदी पोर्तुगिजांनाच चिकटला, जे फ्रँक मुळीच नव्हते. युरोपातून आलेल्या लांब सरळ पात्याची तलवार 'फिरंग' झाली, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात उपदंशासारख्या एका रोगालाही 'फिरंगरोग' नाव मिळालं.

पोर्तुगीज स्वत: येताना आपली पेटी घेऊन आलेच होते. त्यांच्या पेटीत 'मोउरो' हा शब्द होता. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर रोमन लोकांचा मॉरेतानिया प्रांत, तिथले लोक माउरी. त्यांनी स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलं, म्हणून मुसलमान म्हणजे मोउरो. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि तिथले केरळी व अरब मुसलमान व्यापारी पाहून त्याच्या लोकांनी त्यांनाही मोउरोच म्हटलं. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तो विजापूरच्या आदिलशहाकडून, तोही मोउरो. गोव्याच्या कोकणीत मुसलमानांना 'मोइर' किंवा 'मैर' म्हणतात तो हाच शब्द. श्रीलंकेत तर 'मूर' ही आजही सरकारी खानेसुमारीतली ओळख आहे, आणि फिलिपिन्समध्ये स्पॅनिशांनी तिथल्या मुसलमानांना 'मोरो' करून ठेवलं. इंग्रजांनी तो शब्द उसना घेतला आणि आणखी एक करामत केली: हिंदुस्थानी भाषेलाच ते 'मूर्स' म्हणू लागले. जॉर्ज हॅडलीने १७७२ मध्ये त्या भाषेचं व्याकरण छापलं, त्याच्या नावातच तो शब्द आहे. मराठी रंगभूमीवर शेक्सपिअरचा व्हेनिसचा मूर आला तेव्हा, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी त्याचं भाषांतर 'ऑथेल्लो' या मूळ नावाने केलं. १८९० मध्ये देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला, आणि प्रेक्षकाला मूर म्हणजे कोण हे समजून घेण्याची गरजच उरली नाही.

'सारासेन' शब्द युरोपात एव्हाना म्हातारा झाला होता. पण मरायच्या आधी तो विद्वानांच्या पुस्तकात प्रतिष्ठित झाला. कलकत्त्याचे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी १८९९ साली इंग्रजीत अरबांचा इतिहास लिहिला आणि त्याला 'सारासेनांचा संक्षिप्त इतिहास' असं नाव दिलं. तेराशे वर्षं जे नाव दुसऱ्यांनी लावलं, ते एका मुसलमान विद्वानाने आपल्या हाताने मुखपृष्ठावर घातलं. इंग्रज वाचकाला तोच शब्द कळत होता, दुसरं कारण नसावं.

आणि शेवटी शब्द दगडात उतरला. जेम्स फर्ग्युसनने १८७६ मध्ये भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात मुसलमानी इमारतींसाठी 'सारासेनिक' हा शब्द वापरला. त्यातून 'इंडो-सारासेनिक' शैली हे नाव पडलं: इंग्रज वास्तुतज्ज्ञाने आखलेली, घुमट आणि कमानी दख्खन-गुजरातच्या, छज्जे राजपुतान्याचे, आतली सोय विलायती. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँटने असाच बांधला, तो १८८४ मध्ये पूर्ण झाला. मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस जॉन बेगने बांधलं, १९१३ मध्ये. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. तिथून चालत गेलं तर जॉर्ज विटेटचं वस्तुसंग्रहालय आणि त्याचंच गेटवे ऑफ इंडिया. टॉलेमीच्या नकाशावरच्या तंबूवाल्या टोळीकडे एकही घुमट नव्हता, एकही कमान नव्हती. घर म्हणून बांधण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच.

गेटवेच्या या सारासेनी दरवाजातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी मुंबई सोडून गेली. त्या दिवशी जांब अजून हैदराबाद संस्थानात होतं. बाहेरचे मराठी लोक त्या मुलखाला दोनशे वर्षं एकच नाव वापरत आले होते: मोगलाई. पेशव्यांच्या कागदांत 'मोगल' म्हणजे बहुतेक वेळा दिल्लीचा बादशहा नाहीच, हैदराबादचा निजाम. आणि दिल्लीच्या बादशहांना तरी ते नाव कुठे आवडत होतं? ते स्वत:ला तैमूरचे वंशज म्हणवत. मोगल म्हणजे मंगोल, आणि बाबर मंगोलांविषयी चांगलं बोलत नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला मोगलाई संपली. मागे राहिला तो एक वाक्प्रचार. घरात पसारा झाला, कुणी कुणाचं ऐकेना, की आजी ओरडायची, 'ही काय मोगलाई लागून गेली आहे का?'

परवा जालन्याकडे जाताना रस्त्यालगतच्या ढाब्यावर जेवायला थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या पोराने मेनूकार्डावर बोट ठेवून विचारलं, "दादा, मोगलाई म्हणजे काय असतं?"

"काजूची ग्रेव्ही," वेटर म्हणाला. "गोडसर असते. तिखट पाहिजे तर कोल्हापुरी सांगा."